सिंगल-सीटर गाडी शर्यतीसाठी कशी बसवायची: सीटपासून वजनकाट्यापर्यंत

कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर शुक्रवारी सकाळी गॅरेजची शटरं वर गेली की एक प्रश्न हमखास कानावर येतो, "यात अजून काय टाकता येईल?" विचारणारे बहुधा ड्रायव्हरचे वडील असतात. पोराने दोन-तीन वर्षं गो-कार्टिंग केलेलं असतं, आता पहिल्यांदाच फॉर्म्युला गाडीत बसणार असतं आणि घरच्यांनी खिसा सैल सोडलेला असतो. उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडतो, कारण काहीच टाकता येत नाही. ज्युनियर मालिकेत इंजिनाला सील, टायर सगळ्यांना एकाच कंपनीचे, चासी एकाच साच्यातली. वेगळा पार्ट टाकलात तर तपासणीत बाद व्हाल, एवढंच.

तरीही शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या गाड्यांच्या वेळेत अर्ध्या-पाऊण सेकंदाचा फरक पडतो. त्यातला काही ड्रायव्हरचा. उरलेला गाडी कशी 'बसवली' आहे याचा. हे बसवणं म्हणजे जादू नाही. मोजमाप आहे, आणि ते ठरलेल्या क्रमाने करायचं असतं. क्रम चुकला की केलेलं काम पुन्हा करावं लागतं, कारण या गाडीत एक नट फिरवला की दुसरीकडचे तीन आकडे हलतात. तो क्रम खाली लिहितोय.

थोडं गाडीविषयी. स्वस्तातली सिंगल-सीटर ही कल्पना आपल्याकडे रुजवली कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी. मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन घेऊन त्यांनी फॉर्म्युला मारुती बांधली. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच गाडीत धावला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कारी स्पीडवेला त्यांचंच नाव आहे. त्याच घराण्यातली गाडी म्हणजे आजची फॉर्म्युला एलजीबी फोर: पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि मारुती स्विफ्टचं १.३ लिटरचं इंजिन. तिच्या वरची पायरी एफआयएची, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेची, फॉर्म्युला फोर. हा वर्ग २०१४ मध्ये सुरू झाला. कार्बन फायबरचा टब (ड्रायव्हर ज्यात बसतो ते कवच), स्टिअरिंगमागच्या पॅडलने पडणारे सहा गिअर, ड्रायव्हरचं किमान वय १५. भारतात २०२३ पासून या वर्गात फ्रान्सच्या मिगाल कंपनीची, डोक्याभोवती हेलो, म्हणजे संरक्षक कडं, असलेली गाडी धावते. दोन्ही गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण बसवण्याची पद्धत एकच. कुठे काय बदलतं ते ओघात सांगेन.

पहिला नियम: आपल्या मालिकेचं नियमपुस्तक आणि गाडी बांधणाऱ्याची सेटअप शीट छापून भिंतीला लावा. या लेखातले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या गाडीचे आकडे त्या शीटवर असतील.

काय काय लागेल

चार पाटांचा डिजिटल वजनकाटा, प्रत्येक चाकाखाली एक पाट. हा महाग असतो, पण एका गॅरेजला एक पुरतो आणि शेजारी मागितला तर मिळतो. टॉर्क पाना. चांगला टायर गेज, आणि तो एकच; दोन गेज कधीही सारखं दाखवत नाहीत. टायरमध्ये टोचायचा तापमापक. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी. ओळंबा, पाणसळ. गवंड्याकडे असते तशी पारदर्शक लेव्हलची नळी. मासे धरायची तंगूस, पंधरा-वीस मीटर. गाडी उचलून टेकवायच्या चार घोड्या (स्टँड). बायकोकडून किंवा बहिणीकडून लाल नेलपॉलिशची बाटली, का ते पुढे येईल. आणि एक जाड वही. मोबाइलवर लिहिणार असाल तर माझी हरकत नाही, पण ग्रीसने माखलेल्या बोटाने मोबाइल उघडत नाही.

पहिली पायरी: ड्रायव्हरची बैठक

नवखे लोक इथेच घाई करतात. सीट शेवटी करू म्हणतात. ड्रायव्हर हा या गाडीतला सगळ्यात जड सुटा भाग आहे. तो दोन इंच मागे सरकला तर चाकांवरची वजनं बदलतात, म्हणून आधी तो पक्का.

पोराला रेसिंग सूट, बूट, हेल्मेट आणि मानेचं हान्स सगळं घालून बसवा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ झाला तर पेडल जवळ आणा. खांदे पाठीला टेकलेले असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावं. कोपर टबला घासता कामा नये. हेअरपिनवर, म्हणजे यू-आकाराच्या वळणावर, वळवतात तसं स्टिअरिंग पुरतं वळवायला लावून बघा, मांडीला कुठे अडतं ते तेव्हाच कळतं.

मग फोम. दोन द्रव एकत्र केले की फुगणारा हा फोम जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओततात आणि ड्रायव्हरला त्यावर बसवतात. पिशव्या दोन घ्या, एकात एक. फुटली तर पोरगं आणि टब कायमचे एक होतील. गाडीच्या रंगावर सगळीकडे मास्किंग टेप. दार उघडं, पंखा चालू, तोंडाला मास्क, कारण वाफा छातीला वाईट. आधी कमरेमागे थोडा, मग बगलेखाली दोन्ही बाजूंना, असं टप्प्याटप्प्याने ओता. फोम फुगताना चांगलाच गरम होतो, ते पोराला आधी सांगून ठेवा, नाही तर ते दचकून उठतं आणि साचा बिघडतो. पंधरा मिनिटं पुतळ्यासारखं बसायचं. वाळल्यावर कडा करवतीने कापून वर आग न पकडणारं कापड चढवा. कुठला फोम आणि कुठलं आवरण चालतं हे नियमपुस्तकात असतं. साधा फोम पेट्रोलच्या शेजारी ठेवणं वेडेपणा आहे.

पट्टे आवळताना आधी मांडीचे आणि कमरेचे, शेवटी खांद्याचे. कमरेचा पट्टा पोटावर नाही, खाली ओटीच्या हाडावर बसला पाहिजे. उलट क्रमाने आवळलेत तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात आणि अपघातात तोच पोटात रुततो. हे झालं की पोराला स्टिअरिंग काढून बाहेर पडायला लावा. दहा वेळा. हेलो असलेल्या गाडीत पंधरा वेळा.

दुसरी पायरी: जमीन

गॅरेजची फरशी डोळ्यांना सपाट दिसते. ती सपाट नसते. पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. लेव्हलची नळी पाण्याने भरा, बुडबुडे घालवा आणि चारही चाकांच्या जागा एकमेकींशी ताडून बघा. जिथे खोल असेल तिथे पत्र्याचे तुकडे किंवा व्हिनाइल फरशीचे चौकोन सरकवून चारही पाट एका पातळीत आणा. मग पाटांभोवती रंगाने चौकोन आखा आणि प्रत्येकावर किती तुकडे लागले ते लिहा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा हाच खटाटोप नको.

एवढं कशाला, असं वाटेल. हिशेब बघा. चाकापाशी स्प्रिंगचा ताठपणा ४० न्यूटन प्रति मिलिमीटर धरला आणि एकच पाट २ मिमी उंच राहिला, तर प्रत्येक चाकावरचं वजन सुमारे २ किलोने खोटं दिसतं. दोन चाकं २ किलोने जड, दोन २ किलोने हलकी. कर्णावर, म्हणजे तिरक्या समोरच्या दोन चाकांची, बेरीज केली की ४ किलोंचा फरक. तुम्ही तासभर स्प्रिंगा फिरवून जो फरक काढणार आहात तो एवढाच असतो. म्हणजे फरशीचा उतार काढायला तुम्ही गाडी वाकडी कराल.

तिसरी पायरी: नट, बोल्ट, खुळखुळा

गाडी घोड्यांवर चढवा. प्रत्येक चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवा. कुठे टकटक लागली तर बेअरिंग किंवा रॉड एंड (दांडीच्या टोकाचा गोल सांधा) बघा. खिळखिळ्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट पहिल्या वळणापर्यंतच टिकतं. स्प्रिंगा आणि डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर) उजवे-डावे जुळतात का ते पाहा, डॅम्परचे क्लिक पूर्ण बंद करून शून्यापासून मोजा.

मग टॉर्क पान्याने एकेक बोल्ट, आणि आवळून झाला की नट आणि ब्रॅकेट दोन्हींवरून जाईल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ. नट फिरला की रेघ तुटते. अंधाऱ्या गॅरेजमध्ये, रांगेत उभं राहण्याआधीच्या दोन मिनिटांत, टॉर्च मारून तीस सांधे तपासायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

ही सवय मला धडा मिळाल्यावर लागली. एका पात्रता फेरीआधी मागच्या डाव्या चाकाचा टो, म्हणजे वरून बघताना चाकाचं आत-बाहेर वळणं, बदलला. दांडी फिरवली, माप घेतलं, समाधान झालं. लॉकनट हाताने टेकवला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून उठलो. तिसऱ्या फेरीत पोरगं रेडिओवर म्हणालं, "दादा, सरळ रस्त्यावर मागून कुणीतरी ढकलल्यासारखं होतंय." परत आल्यावर बघितलं तर दांडी स्वतःहून जवळजवळ दोन आटे फिरली होती. भिंतीला लागला नाही हे त्याचं नशीब, माझं कौशल्य नाही. तेव्हापासून पान्याने आवळल्याशिवाय आणि रेघ मारल्याशिवाय मी उठत नाही. हाक कुणाचीही असो.

चौथी पायरी: हवा आणि उंची

टायरमध्ये धावण्याच्या वेळची, म्हणजे गरम झाल्यावरची हवा भरा. मोजमापं त्याच हवेवर घ्यायची, नाहीतर उंची चुकते. टाकीत अर्ध्या शर्यतीला लागेल तेवढं पेट्रोल. लिटरला साधारण पाऊण किलो धरा. पंधरा लिटर म्हणजे अकरा किलो, तेही एकाच जागी. ड्रायव्हर आत, हेल्मेटसकट. तो कंटाळला तर त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या, पण त्या सीटवर पसरून आणि पायांशीही थोड्या. मदतनिसाला बसवू नका. चोपन्न किलोच्या पोराच्या जागी एकाहत्तर किलोचा मदतनीस बसवून केलेलं सेटिंग मी पाहिलंय. आकडे सुरेख होते.

अँटी-रोल बारच्या (वळणात गाडीचं कलणं रोखणाऱ्या सळईच्या) दांड्या सोडा. गाडी एक-दोन फूट मागे-पुढे ढकला, पुढून-मागून दाबून सोडा, म्हणजे अडकलेले सांधे बसतात. मग शीटवर दिलेल्या जागांवरून जमिनीपर्यंतची उंची घ्या. दोन्ही बाजू सारख्या, मागची बाजू पुढच्यापेक्षा शीट सांगेल तेवढी उंच. पंख आणि सपाट तळ असलेल्या फॉर्म्युला फोरमध्ये हा उतार हवेचा दाब ठरवतो, तिथे मिलिमीटरलाही किंमत आहे. पंख नसलेल्या गाडीत इतकं जिवाला लावून घेऊ नका. तळ घासत नाही ना आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, एवढं पुरे.

पाचवी पायरी: कॅम्बर

कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल. शर्यतीच्या गाडीत वरची कड आत झुकलेली असते, म्हणजे वळणात गाडी कलंडली तरी बाहेरचा टायर पूर्ण रुंदीने टेकतो. गेज असेल तर गेज लावा. नसेल तर ओळंबा सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेचं दोरीपासूनचं अंतर मोजा. कडा ३५० मिमी अंतरावर असतील आणि वरची कड १५ मिमी आत असेल, तर कॅम्बर अडीच अंशांच्या जवळ. रिम वाकडी असू शकते, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. कॅस्टर (बाजूने बघताना चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) दोन्ही बाजूंना सारखा आहे एवढं तपासून पुढे चला. ज्युनियर गाड्यांत तो फारसा बदलत नाहीत.

सहावी पायरी: दोरी आणि टो

मला सगळ्यात आवडणारं काम. लेझरची यंत्रं आली, तरी तंगूस अजून हरलेली नाही.

गाडीच्या पुढे आणि मागे एकेक सरळ नळी आडवी लावा, आणि दोन्ही बाजूंना हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) मध्याच्या उंचीला तंगूस ताणून बांधा. दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर, आणि गाडीच्या मध्यरेषेलाही समांतर. समांतर आहेत हे कसं कळायचं? दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढे-मागे सारखं हवं. आणि हबपासून दोरीचं अंतर डावीकडे जितकं तितकंच उजवीकडे. नवखा इथे फसतो, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांची रुंदी सारखी नसते. पुढची रुंदी १४८० आणि मागची १४४० मिमी असेल तर फरक ४०, एका बाजूला २०. म्हणजे पुढच्या हबपासून दोरी १०० मिमीवर असेल तर मागच्या हबपासून १२० मिमीवर हवी. दोन्हीकडे १०० ठेवलीत तर दोरी तिरकी आणि सगळा टो खोटा.

स्टिअरिंग मध्यावर आणून बांधून टाका. चाकांखाली ग्रीस लावलेल्या दोन-दोन गुळगुळीत टाइल्स ठेवा, म्हणजे दांडी फिरवल्यावर टायर अडकून न राहता सरकतो. आता पोलादी पट्टीने रिमच्या पुढच्या कडेचं आणि मागच्या कडेचं दोरीपासूनचं अंतर घ्या. पुढची कड दोरीपासून १ मिमी लांब असेल तर चाक तेवढं आत वळलेलं: टो-इन. जवळ असेल तर टो-आउट. ३५० मिमीच्या अंतरात १ मिमी म्हणजे अंशाचा सहावा भाग, आणि ड्रायव्हरला तो कळतो. पट्टी दोरीला टेकवू नका, दोरी सरकते. एक डोळा मिटून, पट्टीवर दोरीची सावली कुठे पडते ते बघून वाचा. माझे आकडे मी दोनदा घेतो आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याला घ्यायला लावतो, आधीचे त्याला न सांगता.

साधारण पद्धत अशी की पुढे किंचित टो-आउट, मागे टो-इन. मागे टो-आउट कधीच नाही; ब्रेक लावला की गाडीचं शेपूट वळवळायला लागतं.

सातवी पायरी: चार चाकं, चार आकडे

आता पाटांवर. अँटी-रोल बार अजून सुटेच. ड्रायव्हर आत, नजर समोर, हात स्टिअरिंगवर. त्याने मान वळवून आकडे बघायचे नाहीत. मान वळली की आकडे हलतात. समजा असं दिसलं:

पुढचं डावं ११८, पुढचं उजवं १२२
मागचं डावं १६६, मागचं उजवं १५४

एकूण ५६० किलो. पुढे २४०, मागे ३२०. डावीकडे २८४, उजवीकडे २७६. या बेरजा स्प्रिंगा फिरवून बदलत नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. त्या बदलायच्या तर वजन उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं: बॅटरी, किमान वजन भरायला नियमाने लावलेलं शिसं. स्प्रिंगने बदलतो तो फक्त कर्ण.

कर्ण म्हणजे पुढचं उजवं अधिक मागचं डावं: १२२ आणि १६६, २८८ किलो. दुसरा कर्ण ११८ आणि १५४, २७२. निम्मे-निम्मे म्हणजे २८० हवेत. जड कर्णावरून ८ किलो हलक्या कर्णावर न्यायचे, म्हणजे प्रत्येक चाकाला ४. तेवढं झालं की आकडे असे येतील: पुढे १२२ आणि ११८, मागे १६२ आणि १५८. बेरजा ताडून बघा, पुढे २४०, डावीकडे २८४, काही हललं नाही. कर्ण दोन्ही २८०.

आता करायचं कसं. चारपायी टेबलाची कल्पना करा. एक पाय लांब केला तर टेबल त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर जास्त टेकतं. तसंच इथे. पुढच्या डाव्या स्प्रिंगचं ताट वर घेतलं की त्या चाकावर वजन वाढतं आणि मागच्या उजव्यावरही वाढतं. पण एकाच कोपऱ्यावर सगळं काम केलंत तर उंची बिघडते. म्हणून पुढचं डावं आणि मागचं उजवं प्रत्येकी अर्धा आटा वर, पुढचं उजवं आणि मागचं डावं अर्धा आटा खाली. पुन्हा गाडी दाबून सोडा, पुन्हा वाचा. किती आट्याला किती किलो हलतात ते वहीत लिहा. पुढच्या वेळी अंदाजाने नाही, हिशेबाने फिरवाल. पुशरॉड (चाकाची हालचाल स्प्रिंगपर्यंत नेणारी दांडी) असलेल्या गाडीत हेच काम पुशरॉडची लांबी बदलून होतं.

एक मतभेदाचा मुद्दा आहे. काही जण कर्ण निम्मा करण्यापेक्षा पुढची दोन चाकं सारखी करतात, म्हणजे ब्रेकिंगमध्ये एक चाक आधी अडकत नाही. आपल्या उदाहरणात पुढे १२० आणि १२० केलं तर मागे १६४ आणि १५६ येतं, कर्ण २८४ वर. पाऊण टक्क्याच्या आसपास इकडे-तिकडे. नवख्या ड्रायव्हरसाठी मी पुढची चाकं सारखी करतो. पहिल्या वर्षी पोरं वळणात कमी आणि ब्रेकिंगला जास्त चुकतात, आणि सपाट घासलेला टायर हा पैशाचा प्रश्न असतो.

कर्ण जमला की उंची आणि टो पुन्हा तपासा. हललेले असणारच. पुन्हा जुळवा, पुन्हा पाटावर घ्या. दोन चकरांत बसतं. पाच लागत असतील तर कुठेतरी सांधा अडकतोय.

शेवटी, ड्रायव्हर आत असतानाच, अँटी-रोल बारच्या दांड्या जोडा. बोल्ट बोटाने आत गेला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागला तर बार आधीच पिळलेला आहे, आणि तुमची वजनं गेली पाण्यात. दांडीची लांबी बदला, जबरदस्ती नको.

आठवी पायरी: ब्रेक

या गाड्यांत पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळ्या मास्टर सिलिंडरवर चालतो आणि मध्ये तोल बदलायची दांडी असते. हवा काढताना दोन्हीकडे एकदम नळ उघडा, नाहीतर दांडी तिरकी होऊन खोटं पेडल लागतं. ऑइल नव्या, बंद डब्यातलंच. चेन्नईच्या दमट हवेत उघडा डबा आठवडाभर राहिला की ते पाणी ओढून घेतं आणि गरम ब्रेकमध्ये त्या पाण्याची वाफ होते.

तोल तपासायला गाडी घोड्यांवर. एक जण पुढचं चाक हाताने फिरवतो, दुसरा मागचं, ड्रायव्हर हळूहळू पेडल दाबतो. पुढचं आधी थांबलं पाहिजे, मागचं लगेच त्यानंतर. मागचं आधी थांबत असेल तर गाडी ट्रॅकवर सोडू नका.

नववी पायरी: ट्रॅकवर

पहिली फेरी फक्त तपासणीची: बाहेर, एक फेरा, आत. गळती, वास, नेलपॉलिशच्या रेघा. नंतर तीन फेऱ्या, मग सहा.

टायरची हवा हा इथला सगळ्यात मोठा सौदा आहे. २५ अंशाला १८ पीएसआय भरलेला टायर ७५ अंशाला तापला की साडेतेवीसच्या आसपास जातो. लक्ष्य गरम हवेचं ठेवा आणि उलटा हिशेब करा. सकाळी २२ अंशाला भरलेले १८ दुपारी ३५ अंशाला, एक फेराही न मारता, १९.४ होतात. सकाळच्या सरावात छान चाललेली गाडी दुपारच्या शर्यतीत का घसरते याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. उन्हात उभ्या गाडीची सावलीकडची आणि उन्हाकडची चाकंसुद्धा वेगळी दाखवतात, टायर झाका.

गाडी आत आल्या आल्या, तीस सेकंदांत, प्रत्येक टायरला आत, मध्ये, बाहेर अशा तीन जागी तापमापक टोचा. मधली जागा दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त. मधली थंड असेल तर कमी. आतली कड बाहेरच्यापेक्षा थोडी गरम असणं ठीक. फारच गरम असेल तर कॅम्बर जास्त झालाय. बाहेरची गरम असेल तर कमी.

मग ड्रायव्हरचं ऐका, पण प्रश्न नीट विचारा. "कशी आहे?" विचारलं तर "मस्त" असं उत्तर येतं. "तिसऱ्या वळणात आत शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना?" असं विचारा. नाक बाहेर पळतंय म्हणाला तर पुढचा अँटी-रोल बार एक खाच मऊ करा. मागचं सुटतंय म्हणाला तर मागचा मऊ करा. एका वेळी एकच बदल, आणि काही कळेनासं झालं तर वहीतल्या पहिल्या पानावर परत. मी बघितलेल्या वाया गेलेल्या शनिवारांपैकी निम्मे तरी एकदम तीन गोष्टी बदलल्यामुळे गेले.

शर्यतीनंतर

गाडी धुण्याआधी, सुटी करण्याआधी, आहे तशी पाटांवर घ्या. तोच ड्रायव्हर, तेवढंच पेट्रोल, तेवढीच हवा. सकाळी कर्ण २८० होता आणि आता २८५ दाखवतोय, तर कुठेतरी काहीतरी वाकलंय किंवा फिरलंय. आधी तुटलेली नेलपॉलिशची रेघ शोधा. ती सापडली नाही तर ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर आपटलेल्या बाजूच्या विशबोनला (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांडीला) पट्टी लावून बघा. तिथेही काही नसेल तर पुशरॉडचा रॉड एंड काढून बोल्टचा आटा उजेडात धरा. वाकलेला बोल्ट टेबलावर लोळवला की लगेच दिसतो. आकडा, तारीख, ट्रॅक, हवामान आणि कोण काय म्हणालं ते वहीत उतरवा, आणि मगच पोराच्या वडिलांना चहाला हो म्हणा.